आधी मैदान, मग गॅलरी



जून संपत आला की वऱ्हाडात पेरणीची बोलणी सुरू होतात, आणि त्याच सुमारास आणखी एका हंगामाचीही चर्चा रंगू लागते. शेलूबाजारसारख्या गावात चहाच्या टपरीवर, सलूनच्या बाकावर आणि शाळेच्या फाटकापाशी कबड्डी-खोखोचे शौकीन जमतात आणि यंदा आपली शाळा कुठवर जाईल याचे अंदाज बांधतात. मंगरूळपीर तालुका, वाशीम जिल्हा, अमरावती विभाग आणि मग राज्य, अशी आंतरशालेय स्पर्धांची शिडी तुम्हाला ठाऊकच आहे. या चर्चेत दोन प्रश्न हमखास असतात. पहिला, "पोरांचा दम कसा आहे?" आणि दुसरा, "आपल्याकडे स्टेडियम कधी होणार?"

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पण पहिल्याचे उत्तर आपण सहसा 'जिद्द' या एका शब्दात देतो आणि दुसऱ्याचे 'निधी' या एका शब्दात. माझे मत असे, की दोन्ही प्रश्न मुळात विज्ञानाचे आहेत. शरीरात निर्माण होणारी उष्णता बाहेर कशी जाते आणि पायाखालची माती कशी वागते, एवढे नीट समजून घेतले तर हंगामापूर्वी काय करायचे आणि गावासाठी आधी काय मागायचे, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

दमाचा हिशेब

कबड्डीतील चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. पण त्या अर्ध्या मिनिटात पाय, पाठ आणि खांदे यांचे स्नायू पूर्ण जोराने काम करतात. स्नायूंना अन्नापासून जी ऊर्जा मिळते, तिचा फार तर पाव भाग हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या तीन चतुर्थांश भागाची उष्णता होते. म्हणजे खेळणारा मुलगा ही एक चालतीबोलती शेगडीच असते.

आता थोडे गणित करू. तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे असे धरा. शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ असते. म्हणजे तुमच्या शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४२ किलोकॅलरी उष्णता लागते. तासभराच्या जोरदार सरावात ३५० किलोकॅलरी उष्णता निर्माण झाली आणि ती सगळी अंगातच राहिली, तर तापमान ८ अंशांहून अधिक वाढेल. ३७ अंशांचे ४५ अंश! इतक्या तापात माणूस जगू शकत नाही. तरीही तुम्ही रोज सराव करून घरी जेवायला जाता. याचे श्रेय घामाला.

एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर ती सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जाते. म्हणजे वरच्या हिशेबातली उष्णता घालवायला ६०० मिलिलिटर घाम पुरेसा आहे. मात्र एक अट आहे. त्या घामाची वाफ झाली पाहिजे. अंगावरून ओघळून मातीत पडलेला घाम काहीच थंडावा देत नाही. तो केवळ शरीरातले पाणी आणि मीठ कमी करतो.

कूलरने शिकवलेला धडा

विदर्भातील मुलांना हे समजावून सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. घरातला कूलर पाहा. मे महिन्यात बाहेर आग ओतत असते, तरी वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा कशी गार लागते! तोच कूलर जुलैच्या दमट दिवसांत लावला तर खोली नुसती चिकचिक होते. मेमधली हवा कोरडी असते, पाण्याची वाफ भराभर होते. जुलैत हवेत आधीच भरपूर बाष्प असते. वाफेला जागा कुठे?

आपले शरीर हाही एक कूलरच आहे, आणि आपल्या शालेय स्पर्धांची तयारी नेमकी कूलर न चालण्याच्या दिवसांत होते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले की बाष्पीभवनाने तो किती थंड होऊ शकतो ते कळते. मे महिन्यात हवेचे तापमान ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. पावसाळ्यात हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तोच तापमापक सुमारे २८ अंश दाखवतो. हवा ११ अंशांनी गार झाली, पण घाम वाळण्याच्या दृष्टीने दिवस अधिक अवघड झाला! "आता काय, पाऊस पडला, ऊन उतरले" असे म्हणून पहिल्याच दिवशी दोन तास दौड लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

खेळाडू आणि सैनिक यांच्यासाठी उष्णतेचा जो निर्देशांक जगभर वापरतात, तो १९५० च्या दशकात अमेरिकेच्या नौसैनिकांच्या प्रशिक्षणकेंद्रांतील उष्माघातांमुळे तयार झाला. त्यात ओल्या तापमापकाला दहापैकी सात भाग वजन, ऊन मोजणाऱ्या काळ्या गोळ्याच्या तापमापकाला दोन भाग आणि साध्या तापमापकाला फक्त एक भाग दिलेला आहे. हवामानाच्या बातमीत जो आकडा आपण ऐकतो, त्याला एक दशांश मान!

चौदा दिवस शरीराला द्या

"आम्ही पंचेचाळीस अंशांत वाढलेली माणसे, आम्हाला काय होणार?" असे कोणी म्हणेल. पण उष्णतेची सवय ही केवळ उष्ण प्रदेशात राहून पुरी होत नाही. उष्ण हवेत रोज थोडे थोडे श्रम केले की ती लागते. सुट्टीत वडिलांबरोबर शेतात राबलेल्या मुलाला ती बरीचशी असते. दुपारभर कूलरपुढे झोपलेल्या मुलाला नसते, मग तो कितीही अस्सल वऱ्हाडी असो.

ही सवय म्हणजे मनाचा खेळ नव्हे. शरीरात मोजता येण्याजोगे बदल होतात. पहिल्या काही दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्यामुळे तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. पुढे घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, आणि त्यात मीठ कमी जाते. बराचसा बदल एका आठवड्यात होतो आणि पुरा व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. सराव सोडला तर दोन-तीन आठवड्यांत शरीर ही सवय विसरते. म्हणजे मागच्या वर्षीचा दम यंदा उपयोगी पडत नाही.

म्हणून शाळा उघडल्यावर पहिले चार-पाच दिवस सकाळी अर्धा-पाऊण तास हलका सराव पुरे. त्यानंतर वेळ वाढवावी, आणि जोर त्याहूनही हळू वाढवावा. चढाया, पकडी आणि जोराच्या दौडी दुसऱ्या आठवड्यात. मधे एखादा दिवस विश्रांती. आजारी पडून उठलेल्या मुलाने पहिल्यापासून सुरुवात करावी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे तयारीला दिवस कमी मिळतात हे खरे. पण दिवस कमी आहेत म्हणून पहिल्या दिवशी चौपट सराव करणे म्हणजे पेरणीला उशीर झाला म्हणून एकाच दिवशी चौपट खत टाकण्यासारखे आहे.

पाणी न देणारे शिबिर

आपल्याकडे अजूनही काही ठिकाणी 'सरावात पाणी प्यायचे नाही, दम लागतो' असे मुलांना सांगितले जाते. पाण्याविना राहिल्याने अंग काटक होते, अशी ही समजूत. ती जगभर होती. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या उकाड्यातील सरावाने सुरू होतो. तो फुटबॉल आपला नव्हे, हेल्मेट घालून खेळायचा तिकडचा. १९५४ साली टेक्सास ए अँड एम या महाविद्यालयाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी आपला संघ जंक्शन नावाच्या आडगावी नेला आणि दुष्काळी, रखरखीत जमिनीवर दहा दिवस कठोर सराव घेतला. सरावात पाणी नाही, विश्रांती नाही. बहुतेक मुले शिबिर सोडून निघून गेली. एक जण उष्माघाताने मरता मरता वाचला. त्यानंतरच्या हंगामात तो संघ दहा सामने खेळला आणि त्यांतले नऊ हरला.

त्या शिबिरातून टिकून राहिलेल्यांपैकी काही मुले दोन वर्षांनी विजेत्या संघात होती, म्हणून कौतुक करणारे आजही त्याचे गोडवे गातात. पण जे टिकले त्यांच्याकडे पाहून पद्धत चांगली म्हणायची, आणि जे गेले त्यांना मोजायचेच नाही, हा कुठला न्याय? शेतातले उगवलेले दाणेच मोजले तर कोणतेही बियाणे शंभर टक्के उगवणीचे ठरेल.

पुढे अनेक मृत्यू झाल्यावर, २००३ साली, अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने नियम केला. पहिले पाच दिवस दिवसातून एकच सराव, आणि अंगावरचे संरक्षक साहित्यही टप्प्याटप्प्याने चढवायचे. लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम असलेली मोठी विद्यापीठे आणि थोड्या बाकांवर भागवणारी छोटी महाविद्यालये, दोघांनाही नियम सारखाच. शरीराला गॅलरी किती मोठी आहे हे कळत नाही.

पायाखालची माती

आता दुसरा प्रश्न. आपली जमीन काळी, बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या कणांचे पापुद्रे पाणी शोषून एकमेकांपासून दूर सरतात, म्हणून ओली काळी माती फुगते, आणि वाळली की आकसून भेगाळते. कपाशीला ही माती मोलाची, कारण ती ओल धरून ठेवते. खेळाडूला मात्र तीच वैरीण! पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात घोटा मुरगळेल अशा भेगा. शेलूबाजारवरून समृद्धी महामार्ग जातो. रस्ता बांधणारे अशा मातीवर थेट डांबर किंवा काँक्रीट ओतत नाहीत. खाली मुरूम-खडीसारख्या न फुगणाऱ्या थरांची बैठक तयार करतात. जी काळजी ट्रकच्या चाकांसाठी घेतो, ती मुलांच्या गुडघ्यांसाठी का घेऊ नये?

मैदान टणक असले तर काय बिघडते, तेही मोजू. खो-खोत सूर मारणारा खेळाडू अर्धा मीटर उंचीवरून पडला असे धरा. थांबताना जमीन आणि शरीर मिळून १ सेंटिमीटरच दबले, तर ढोबळ मानाने सरासरी धक्का वजनाच्या पन्नासपट बसतो. तेच ५ सेंटिमीटर दबले तर दहापट. उंची तीच, खेळाडू तोच. फक्त माती भुसभुशीत केली आणि धक्का एक पंचमांश झाला.

हे ज्ञान आपल्या आखाड्यांना फार जुने आहे. तांबडी माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद मिसळायची, आणि सरावापूर्वी पहिलवानांनी स्वतः हौदा उकरायचा. माती मऊ होते आणि उकरणाऱ्याचे अंगही तापते. मैदानाची मशागत आणि शरीराची तयारी एकाच कामात! कबड्डीच्या मैदानासाठीही चाळलेली माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा यांचे मिश्रण पूर्वापार वापरात आहे. खाली मुरमाचा थर, भोवती पाणी काढणारी चारी, आणि शाळेच्या मोकळ्या जागेला शंभर मीटरला एक मीटर असा बारीक उतार दिला, तर पाऊस थांबल्यावर खेळ लवकर सुरू होऊ शकतो. याला सिमेंटच्या पायऱ्यांच्या मानाने थोडाच खर्च येतो.

मग स्टेडियम नकोच का?

असे मी म्हणत नाही. स्टेडियमच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात आणि त्यांत तथ्य आहे. पहिला मुद्दा मॅटचा. मोठ्या कबड्डी स्पर्धा आता मॅटवर होतात आणि मातीत वाढलेला खेळाडू तिथे चाचपडतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांना नवीन होती. ते सहावे आले. मॅटचा सराव केल्यावर १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. तेव्हा तालुक्याला एक तरी मॅट आणि तिच्यावर छप्पर हवे, हे मान्य. दुसरा मुद्दा दिव्यांचा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर खेळता येणे ही चैन नाही, आरोग्याची गोष्ट आहे. तिसरा मुद्दा प्रेक्षकांचा. टाळ्यांशिवाय खेळाडू फुलत नाही.

पण क्रम महत्त्वाचा आहे. बहुधा आधी गॅलरी आणि कमान उभी राहते, कारण ती रस्त्यावरून दिसते. पाण्याचा निचरा दिसत नाही, म्हणून तो राहून जातो. माझ्या यादीत पहिले नाव मुलींच्या स्वच्छतागृहाचे आहे. हे वाचून काही जण चकित होतील. पण शिक्षकांनी आपल्या संघातील मुलींना विश्वासात घेऊन विचारावे. जिथे स्वच्छतागृह नाही तिथे मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. मग घाम, मीठ, चौदा दिवस, हे सगळे शास्त्र त्यांच्यापुरते वाया जाते. एक दार, एक नळ आणि आतून लागणारी कडी यांनी मुलींच्या संघाचा दम जितका वाढेल, तितका हजार खुर्च्यांनी वाढणार नाही.

दुसरे नाव सावलीचे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उन्हाचा त्रास होऊन १४ जण मरण पावले. ते धावत नव्हते, बसले होते. आणि तिथले तापमान आपल्या मे महिन्याएवढे नव्हते. छप्पर नसलेली सिमेंटची गॅलरी दिवसभर ऊन शोषून घेते आणि संध्याकाळपर्यंत ते परत देत राहते. तिच्याऐवजी मैदानाभोवती मातीचा उतरता बांध घालून त्यावर गवत आणि माथ्यावर कडुनिंब लावला तर? कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली पुरे केले, त्याची रचना आठवा. मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी उतरती बैठक. मागे बसलेल्यालाही कुस्ती दिसते. शेलूबाजारच्या शाळेला खासबाग परवडणार नाही, पण उतार परवडेल.

तिसरे नाव पिण्याच्या पाण्याचे, चौथे मातीचे, पाचवे दिव्यांचे. गॅलरी त्यानंतर, आणि कमान सर्वांत शेवटी.

यंदाच करून पाहा

मित्रहो, मत मांडणे सोपे असते. ते तपासून पाहणे हे तुमचे काम. त्यासाठी चार साधे प्रयोग सुचवतो.

१. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा. सरावाच्या जागी सावलीत दोन्ही टांगून रोज एकाच वेळी नोंद करा. दोघांतील फरक जितका कमी, तितका त्या दिवशी सराव हलका ठेवा.

२. सरावापूर्वी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. मध्ये प्यायलेले पाणी मोजून ठेवा. १ किलोग्रॅम वजन घटले म्हणजे सुमारे १ लिटर पाण्याची तूट पडली. ५० किलोग्रॅमच्या मुलाची तूट १ किलोग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन वाढले तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले, तेही चांगले नाही. जाणारे मीठ भरून काढायला जेवण, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत एवढे पुरते. महागड्या बाटल्यांची गरज नाही.

३. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मिनिटभर नाडी मोजा. दोन आठवड्यांचा आलेख काढा. नेहमीपेक्षा आकडा एकदम वाढला तर तो दिवस विश्रांतीचा समजा.

४. शिक्षकांच्या देखरेखीखाली, पाय दूर ठेवून, गोळाफेकीचा गोळा १ मीटर उंचीवरून मैदानावर सोडा. किती खोल खळगा पडला ते पट्टीने मोजा. मैदानाच्या वीस जागी हेच करा. कुठली जागा उकरायला हवी, हे नकाशावर आपोआप दिसेल.

आणि एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करावी. सरावात कोणी अडखळू लागला, भलतेच बोलू लागला, ओकू लागला किंवा कोसळला, तर त्याला घाम येत असला तरी उष्माघाताची शंका घ्या. खेळताना होणाऱ्या उष्माघातात घाम पुष्कळदा चालूच असतो. त्याला सावलीत न्या, मोठ्या माणसांना बोलवा, वाहन मागवा, आणि वाहन येईपर्यंत क्षणही न दवडता अंगावर सतत गार पाणी ओता, ओली फडकी लावा, वारा घाला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. आधी गार करणे, मग दवाखान्यात हलवणे, हा क्रम जीव वाचवतो.

या नोंदींची वही महिनाभराने ग्रामपंचायतीत किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. "आम्हाला स्टेडियम हवे" या मागणीला "पाहू" असे उत्तर मिळते. "मैदानाच्या ईशान्य कोपऱ्यात पावसानंतर तीन दिवस पाणी साचते, चारी हवी, मुलींची पाण्याची तूट मुलांच्या दुप्पट आहे, स्वच्छतागृह हवे" असे आकड्यांनिशी सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना "पाहू" म्हणून वाटेला लावणे इतके सोपे नसते. ते आकडे तुम्ही स्वतः मोजलेले असले पाहिजेत, एवढीच अट आहे.